आरव्ही-९ए साठी इंजिन: कार्ब की इंजेक्शन? काउल मागवायच्या आधी ठरवायचंय

अर्धवट_पंख

मंडळी नमस्कार,

आरव्ही-९ए हे विमान स्वतः बांधतोय, चार वर्षं रिव्हेट ठोकतोय. शेपूट झाली, पंख झाले, टाक्या सील होऊन भिंतीला टेकून उभ्या आहेत, धड चाकांवर आलंय. आता सगळं घोडं फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधली भिंत) अडलंय. इंजिन माउंट मागवायचा, काउल (इंजिनावरचं आवरण) मागवायचं, पंप मागवायचा, तर जो तो आधी विचारतो, इंजिन कोणतं? सर्व्हो (इंजेक्शनचा इंधन मोजून देणारा भाग) पुढे तोंड करून बसणारा घेतला तर काउलची खालची बाजू वेगळी, हवेचा डबा वेगळा. म्हणजे 'बघू नंतर' म्हणायची सोय आता संपली.

समोर तीन वाटा आहेत. एका बांधणाऱ्याकडे १६० एचपीचं ओ-३२० इंजिन पडून आहे. कार्बवालं (कार्ब म्हणजे कार्बुरेटर), ओव्हरहॉलनंतर सहाशे तास चाललेलं, लॉगबुक पहिल्या पानापासून पूर्ण. दुसरी वाट नवीन आयओ-३२० ची, म्हणजे त्याच इंजिनाच्या इंजेक्शनवाल्या रूपाची. तिसरी वाट मित्राने डोक्यात घातलीय: सरळ इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसव, गाडीसारखं, किल्ली फिरवली की चालू.

कार्बशी माझी जुनी दोस्तीही आहे आणि जुनं भांडणही. कॉलेजात दोन कार्बची मोटरसायकल होती. दर दोन महिन्यांनी व्हॅक्यूम गेज लावून दोन्ही कार्ब एका सुरात आणायचो, आणि पंधरा दिवसांत ते पुन्हा बेसूर. आताच्या गाडीला इंजेक्शन आहे, नऊ वर्षांत झाकण उघडलेलं नाही. म्हणून मन इंजेक्शनकडे ओढतंय. पण हँगरमधले जुने लोक कार्ब म्हटलं की समाधानाने मान हलवतात, इंजेक्शन म्हटलं की नुसतं हसतात. का हसतात ते कुणी सांगत नाही.

विचारायचं एवढंच: गाड्यांमधून कार्ब कधीच हद्दपार झाला, मग विमानात अजून का तग धरून आहे? पहिल्या पन्नास तासांत डोकेदुखी कशाची कमी? आणि आज कार्ब लावून पुढे कधी इंजेक्शनवर जाता येतं का, की ती मनाची समजूत?

---

चोक_ओढलेला

कार्ब घे आणि उडायला लाग. सहाशे तासांचं ओ-३२० पूर्ण लॉगबुकसह मिळत असताना हा प्रश्न पडतोच कसा, हा माझा प्रश्न.

पण मी आंधळी वकिली करतोय असं नको वाटायला, म्हणून माझा किस्सा सांगतो. आधीचं विमान १०० एचपीचं, कार्बवालं, फिक्स्ड पिच पंखा. सकाळची वेळ, बाहेर १७ अंश, हवा ओलसर, पण ढग कुठेही जवळ नाही. सरळ पातळीत २३५० आरपीएमवर चाललो होतो. थोड्या वेळाने बघतो तर २२७०. वाटलं थ्रॉटलचा फ्रिक्शन नट ढिला झाला असेल, नॉब मागे सरकला असेल. ढकलला पुढे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा ढकलला. तिसऱ्यांदा हात थ्रॉटलकडे गेला तेव्हा कुठे ट्यूब पेटली की नॉब जागचा हललेलाच नाही, इंजिनच्या घशात बर्फ धरतोय.

कार्ब हीट (कार्बला गरम हवा देणारा नॉब) पूर्ण ओढली. आरपीएम आणखी शंभरने पडले आणि इंजिन खोकायला लागलं, अख्खं पॅनल थरथरतंय. अशा वेळी हात आपोआप हीट परत आत ढकलायला निघतो. कारण ओढायच्या आधी इंजिन बरं चाललं होतं ना! तोच क्षण घातक. ते खोकणं म्हणजे वितळलेला बर्फ पाणी होऊन आत जात असतो. दात-ओठ खाऊन तसाच बसलो. अर्ध्या मिनिटात आवाज साफ झाला, आरपीएम चढले. मग हीट बंद केली तर पुन्हा २३५०.

व्हेंचुरीत (कार्बच्या अरुंद घशात) दाब पडतो आणि इंधनाची वाफ होताना उष्णता ओढली जाते. दोन्ही मिळून आतलं तापमान तीस-पस्तीस अंशांनीसुद्धा उतरू शकतं. म्हणून बाहेर २१ च्या खाली आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तेव्हा धोका सगळ्यात जास्त, पण दमट हवेत ३८ अंशांपर्यंतही बर्फ धरू शकतो. तुझ्या ओ-३२० चं त्यातल्या त्यात बरं आहे. त्याचा कार्ब तेलाच्या संपला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) खालून चिकटलेला असतो, संप तापला की कार्बलाही ऊब मिळते. संपपासून लांब लटकणारे कार्ब याबाबत जास्त हळवे.

बाकी कार्बमध्ये बिघडण्यासारखं आहेच किती? फ्लोट, सुई, एक जेट, एक पाकळी.

---

नॉझल_धुणारा

वरच्यांचं शेवटचं वाक्य सोडून सगळं बरोबर. फ्लोट बुडतो, सुई अडकते, आणि थंड इंजिनला थ्रॉटल पाच-सहा वेळा पंप करणारा बहाद्दर असला तर इंधन खाली हवेच्या डब्यात साचून बॅकफायरला पेटतं. स्टार्टर फिरत नसताना थ्रॉटल पंप करायचं नाही, हे कार्बवाल्याने पहिल्या दिवशी शिकायचं.

मी अकरा वर्षं कार्बवर उडलो, मग स्वतः बांधलेल्या विमानात आयओ-३२० घातलं, त्याला आता सात वर्षं झाली. म्हणून दोन्हीकडचं बोलायचा थोडा हक्क आहे. वय बघता तुला 'तू' म्हणतो, राग मानू नकोस.

आधी एक गोंधळ निस्तरू. 'इंजेक्शन' या शब्दात दोन अगदी वेगळी यंत्रं कोंबली आहेत. तुझ्या गाडीत आहे ते इलेक्ट्रॉनिक: सेन्सर, संगणक, दर फेरीला मोजूनमापून फवारा. आयओ-३२० वर येतं त्यात यातलं काहीच नाही. इंजिन एकदा चालू झालं की त्याला विजेशी देणंघेणं नाही. सर्व्होच्या पोटात दोन पडदे असतात. एकावर हवेच्या दाबाचा फरक, दुसऱ्यावर इंधनाच्या दाबाचा, आणि दोघांना जोडणाऱ्या दांडीवर गोळीची एक झडप. हवा वाढली की झडप उघडते, इंधनाचा जोर वाढला की मागे येते. तराजूच म्हण. तिथून इंधन इंजिनच्या माथ्यावरच्या फ्लो डिव्हायडरमध्ये जातं. त्याच्या चार बारीक नळ्या पायांसारख्या पसरलेल्या, म्हणून सगळे त्याला स्पायडरच म्हणतात. प्रत्येक नळीच्या टोकाला नॉझल, इनटेक व्हॉल्व्हच्या अलीकडे. व्हॉल्व्ह उघडा असो वा बंद, धार चालूच. गाडीच्या इंजेक्शनशी याचं नावापुरतंच नातं.

गाड्यांचं विचारलंस. गाडी दिवसभर सिग्नल, चढउतार, धुराचे नियम यांच्याशी झगडते, तिथे संगणकच हवा. विमानाचं इंजिन एकदा वर गेलं की तासन्‌तास ६५ ते ७५ टक्क्यांवर एका सुरात घुमतं, आणि मिश्रण सांभाळायला मिक्श्चरच्या लाल नॉबवर तुझा हात असतो. त्यामुळे कार्बवाचून तिथे कुणाचं अडलं नाही.

मग इंजेक्शनने मिळतं काय? ताकद जवळजवळ तीच. फरक वाटपात आहे. कार्बमध्ये देणारा एक आणि घेणारे चार. कुणाला झुकतं माप, कुणाला हात आखडता. एक सिलिंडर भरपूर ओला चालतो, शेजारचा कोरडा. मिश्रण पातळ करायला गेलास की कोरडा आधी कुरकुरतो आणि तुला तिथेच थांबावं लागतं. इंजेक्शनमध्ये चौघांना सारखं मिळतं, नॉझल जुळवून घेतले तर फारच सारखं, आणि मग पीकच्या, म्हणजे एक्झॉस्ट सगळ्यात जास्त तापतो त्या बिंदूच्या, पलीकडे पातळ बाजूला निवांत चालवता येतं. माझ्या विमानात ६५ टक्क्यांना ताशी तीन-साडेतीन लिटर वाचतात, वेग किंचित पडतो. दुसरा फायदा, व्हेंचुरीतला बर्फ विसरायचा. हवेचा फिल्टर मात्र गोठू शकतो, म्हणून आल्टरनेट एअरचं (फिल्टर टाळून हवा घेणारं) दार ठेवावंच लागतं.

आता जुने लोक का हसतात ते सांगतो. दोन कारणं आहेत.

पहिलं, गरम स्टार्ट. इंजिन बंद केलंस की काउलखालची हवा वर चढते आणि माथ्यावरच्या त्या बारीक नळ्या शेकून निघतात. इंधन उकळतं, काही वाफ होऊन बसतं, काही नॉझलमधून ठिबकत राहतं. वीस मिनिटांनी येऊन स्टार्टर मारलास की इंजिन दोन ठोके देतं आणि मरतं. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात इंधन पंपापाशी मागे तीन विमानं रांगेत, सगळे बघतायत, आणि मी बॅटरी रिकामी करतोय. मग एका बाईंनी खिडकीशी येऊन शांतपणे सांगितलं, "मिक्श्चर पूर्ण बाहेर ठेवा, थ्रॉटल अर्धी उघडा, पंपाला हात लावू नका, नुसतं फिरवा. पेटलं की एका हाताने मिक्श्चर आत, दुसऱ्याने थ्रॉटल मागे." पाचव्या पात्याला पेटलं. तेव्हापासून तेच करतो. पण तो दोन हातांचा खेळ अंगवळणी पडायला मला एक उन्हाळा गेला.

दुसरं कारण कचरा. नॉझलच्या आतलं भोक साधारण ०.७ मिलिमीटरचं. कार्बच्या जेटमधून सहज निघून जाईल असा कण इथे अडतो. नव्या बांधलेल्या विमानात तर टाकीत काय काय असतं विचारू नकोस: ड्रिलचा चुरा, सीलंटचे तंतू, कुणी शहाण्याने थ्रेडवर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे धागे. ती टेप इंधनाच्या जोडणीवर वापरायचीच नाही, यावर माझ्याशी वाद घालू नये.

माझ्या अठराव्या तासाला टेकऑफच्या धावेत इंजिन किंचित खडबडलं. तीन नंबरच्या सिलिंडरचं ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान) बाकीच्यांपेक्षा वर. आणि गंमत म्हणजे फ्यूल फ्लोचा काटा नेहमीपेक्षा जास्त दाखवत होता. माझा गेज जुन्या धाटणीचा, दाब मोजून त्याचा प्रवाह करून दाखवणारा. वाट अडली की दाब चढतो, म्हणजे इंधन कमी जातंय आणि काटा म्हणतोय जास्त. थ्रॉटल ओढून धावपट्टीवरच थांबलो.

हँगरबाहेर मोकळ्यात विमान उभं केलं, आग विझवायचा सिलिंडर हाताशी, मॅग्नेटो (ठिणगी देणारे) बंद. चारही नॉझल काढून नळ्यांना उलटे लावले आणि प्रत्येकाखाली एकसारखी काचेची बाटली धरली. थ्रॉटल पूर्ण, मिक्श्चर रिच, बूस्ट पंप (विजेचा मदतीचा पंप) तीस सेकंद. मग चारही बाटल्या एका फळीवर ओळीने ठेवल्या. तीन बाटल्यांमधली निळी रेघ एका पातळीत, तीन नंबरच्या सिलिंडरच्या बाटलीतली बोटभर खाली. तो नॉझल भिंगाखाली धरला तर आत करड्या सीलंटचा एक तंतू, पापणीच्या केसाएवढा. माझ्याच हातचा. रात्रभर सॉल्व्हंटमध्ये ठेवून, हवा मारून परत लावला, बाटल्या पुन्हा धरल्या, चारही सारख्या. वर्षातून एकदा हा कार्यक्रम मी अजूनही करतो. म्हणून हे नाव.

तुझ्यापुरतं सांगायचं तर लो-विंग (पंख खाली असलेलं विमान) म्हणजे इंधन आपोआप खाली येणार नाही, पंप दोन्हीकडे लागणारच. पण दाबात जमीन-अस्मानाचा फरक. कार्बला अर्धा ते आठ पीएसआय, इंजेक्शनला पंचवीसच्या आसपास. दोघांचे पंप, होज, जोडण्या वेगळ्या विचाराने घ्याव्या लागतात.

---

दोन_बॅटऱ्या

इलेक्ट्रॉनिकवर कुणी लिहीत नाहीये म्हणून मी.

माझ्याकडे दुहेरी ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची) पद्धत आहे, तीनशे तास झाले. गरम असो थंड असो, बटण दाबलं की चालू. त्या बाबतीत तुझा मित्र खोटं बोलत नाही. पण किंमत विजेच्या रूपात मोजावी लागते. इंजिनवरचा यांत्रिक पंप गेला, त्याच्या जागी दोन विजेचे पंप. पंप, इंजेक्टर, कॉइल मिळून दहा-बारा अँपियर कायम खातात. आल्टरनेटर गेला की घड्याळ चालू होतं. म्हणून दोन बॅटऱ्या, दोन बस (वीज वाटणाऱ्या पट्ट्या), आणि कोणती वायर तुटली तर काय बंद पडेल याचा कागद गुडघ्यावरच्या पाटीला लावलेला. माझ्याकडे एकदा ग्राउंडच्या वायरचा एक लग (टोकाची पट्टी) नीट क्रिंप झाला नव्हता. रनअपला (उड्डाणाआधीच्या इंजिन-तपासणीला) ईसीयू बदलून पाहिला तर इंजिनने आवंढा गिळला. जमिनीवर होतो म्हणून हसून सांगतोय. तो लगही मीच क्रिंप केलेला.

दुसरी गोष्ट, तुझ्या टाक्या सील झाल्यात म्हणालास. त्यात रिटर्न लाइनची जोडणी ठेवलीस का? इथे पंप गरजेपेक्षा जास्त इंधन फिरवतो, उरलेलं टाकीत परत जातं, आणि ज्या टाकीतून घेतलं तिथेच परत जायला हवं. म्हणजे सिलेक्टरही (टाकी निवडायची तोटी) दुहेरी लागतो. डावीकडून घेऊन उजवीकडे परत पाठवत राहिलास तर उजवी व्हेंटमधून सांडेल. ठेवली नसेल तर टाकी कापावी लागेल. मी असतो तर त्या एका कारणाने हा पर्याय खोडला असता.

रोटॅक्स इंजिनवाल्यांनाही हाच घाट उतरावा लागतो. ९१२ यूएलएसवर दोन बिंग कार्ब, उंचीनुसार स्वतःच जुळवून घेणारे, मिक्श्चरचा नॉबच नाही. इग्निशन स्वतःची वीज स्वतः बनवतं, त्यामुळे बॅटरी मेली तरी इंजिन चालतं. फक्त तुझ्या मोटरसायकलसारखे ते दोन कार्ब अधूनमधून एका सुरात आणावे लागतात. २०१२ मध्ये इंजेक्शनवालं ९१२ आयएस आलं, दोन लेनचा संगणक, पेट्रोल कमी पितं. पण वीज गेली की ते गेलं, म्हणून त्याला दोन जनरेटर दिलेत.

---

नुसताच_वाचक

कार्बचा सगळ्यात मोठा दोष कुणी सांगितलाच नाही. उलटं उडलं की बंद! १९४० साली ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरने नाक झटकन खाली दाबलं की त्याचं मर्लिन इंजिन गचके खायचं, कारण फ्लोटवाला कार्ब. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ च्या इंजिनाला इंजेक्शन, ते खुशाल डुबकी मारून निसटायचं. शेवटी बिअॅट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी भोक पाडलेली पितळी चकतीवजा एक वस्तू बनवली, इंधनाच्या वाटेत बसवायची. इंजिनाला लागेल तेवढंच इंधन त्यातून जाणार, कार्ब तुंबणार नाही. १९४१ च्या सुरुवातीला ती विमानांवर बसवली गेली. पूर्ण इलाज नव्हता, पण लढाई निभावली.

---

चोक_ओढलेला

किस्सा झकास. पण आरव्ही-९ कसरतींसाठी बनलेलंच नाही, त्यामुळे याला उलटं उडायचंच नाहीये. हे म्हणजे बोट घ्यायची नसताना सुकाणूवर चर्चा.

---

अर्धवट_पंख

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार, विशेषतः नॉझलकाका (काका म्हटलं तर चालेल ना?).

रिटर्न लाइन ठेवलेली नाही. कालच मोबाइलवरचे टाकी बंद करायच्या आधीचे फोटो काढून पाहिले. ती जागा कोरी. टाकी कापायची माझी छाती नाही, सीलंटच्या त्या वासाने अजून झोपेत दचकतो. म्हणजे इलेक्ट्रॉनिक बाद.

राहिले दोन. काका, तुम्ही शेवटी कोणतं घे ते सांगितलंच नाहीत. आणि वाटप विषम असतं म्हणता, तर कार्बवर पातळ चालवणं अजिबात जमत नाही का? जुन्या इंजिनाला नंतर इंजेक्शन लागतं का, तेही राहिलं.

---

नॉझल_धुणारा

काका चालेल. दाढी पांढरी आहेच.

मुद्दाम सांगितलं नव्हतं, पण विचारतोस तर: ते सहाशे तासांचं कार्बवालं घे. कारण यंत्राचं नाही, तुझं आहे. तू पहिल्यांदा बांधतोयस. पहिल्या पन्नास तासांत विमान नवं, वैमानिक त्या विमानाला नवा, टाकीत कचरा निघायचा बाकी. त्या काळात काहीतरी खडबडणारच. ते खडबडणं तुझ्या कानाला ओळखू आलं पाहिजे. कार्बचा आवाज तुझा कान कॉलेजपासून ओळखतो. सर्व्होचं दुखणं ओळखायला मला अठरा तास आणि चार बाटल्या लागल्या, आणि तेव्हा गाठीशी अकरा वर्षं होती. रोज लांब पल्ल्याला जाणारा, आधी एखादं विमान बांधलेला माणूस विचारता तर त्याला मी बिनदिक्कत इंजेक्शन सांगितलं असतं.

कार्बवर पातळ चालवणं थोडंफार जमतं. चारही सिलिंडरना ईजीटी-सीएचटीचे (सीएचटी म्हणजे सिलिंडर हेडचं तापमान) प्रोब लाव, एकावर भागवू नकोस. वर गेल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडी ठेवण्याऐवजी केसभर मागे घे, मॅनिफोल्ड प्रेशर (इनटेकच्या नळीतला दाब) जेमतेम हलेल एवढीच. पाकळी तिरकी झाली की हवेत घुसळण होते आणि वाटप सुधारतं. कधी थोडी कार्ब हीट दिली तरी फरक पडतो, इंधनाची वाफ नीट होते. मग लाल नॉब हळूहळू ओढत प्रत्येक सिलिंडरचं ईजीटी कोणत्या फ्लोला शिखर गाठतं ते लिहून काढ. पहिल्या आणि शेवटच्या शिखरात ताशी दोन लिटरच्या आत फरक असेल तर नशीब काढलंस. चार असेल तर शिखराच्या ओल्या बाजूलाच राहा. आणि हे करण्याआधी इनटेकच्या नळ्यांचे रबरी जोड तपास. तिथून हवा चोरली जात असेल तर सगळी आकडेमोड फुकट.

बदलण्याबद्दल: होतं, केलेलं पाहिलंय. सिलिंडर हेडवर प्रायमरसाठी जी भोकं असतात त्यांचेच आटे नॉझलला चालतात. पण सर्व्हो, स्पायडर, इंजिनवरचा पंप, बूस्ट पंप, मिक्श्चरच्या केबलचा कोन, हवेचा डबा, एवढं बदलावं लागतं. सर्व्होचा फ्लँज संपला जुळतो का ते आधी मोजायचं. म्हणून आताच एवढं कर: फायरवॉलच्या पुढचे होज जास्त दाबाचे घाल, बूस्ट पंपाच्या जागी मोठा पंप मावेल इतकी जागा सोड, आणि काउल खालून हवा घेणारंच घे. बाकीचं पुढच्या पुढे.

---

दोन_बॅटऱ्या

काकांना अनुमोदन. फक्त इंजिन घेण्याआधी बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) कॅमचे लोब (व्हॉल्व्ह हलवणारे उंचवटे) दिसतात का बघ, निदान एक सिलिंडर काढून तरी. सहाशे तास किती वर्षांत झाले ते तासांपेक्षा महत्त्वाचं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाचा कॅम गंजतो, तिथे कार्ब की इंजेक्शन हा वाद कामाचा नाही.

---

अर्धवट_पंख

पाच आठवड्यांनी परत आलोय.

इंजिन घेतलं. कॅम पाहिला, दोन लोबवर हलका डाग होता, पण नखाला लागत नाही. जाणकाराला दाखवला, चालेल म्हणाला. काउल खालून हवा घेणारं मागवलं.

इंजिन यायच्या आधी पंख तात्पुरते जोडून इंधनाची चाचणी घेतली. १६० एचपीला टेकऑफला ताशी साधारण ५५ लिटर लागतात, पंपाच्या पद्धतीत त्याच्या सव्वापट, म्हणजे ६९ च्या आसपास यायला हवेत. म्हणजे एक लिटरला ५२ सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नयेत. कार्बला जाणाऱ्या होजचं टोक मापाच्या भांड्यात सोडलं, बूस्ट पंप चालू, हातात स्टॉपवॉच.

डावी टाकी: ४१ सेकंद. जितं मया!

उजवी टाकी: ५८.

सगळ्या जोडण्या पाहिल्या, सिलेक्टर उघडून पाहिला, व्हेंटमध्ये फुंकून पाहिलं. काही नाही. शेवटी उजव्या टाकीतलं इंधन काढून आतली जाळी बाहेर काढली. जाळीच्या तोंडाशी सीलंटचं पातळ पापुद्र्यासारखं साल, करंगळीच्या नखाएवढं, ओल्या कागदासारखं चिकटलेलं. टाकी बंद करायच्या आधी मी तीनदा झटकली होती. तीनदा!

काढलं, टाकी दोनदा धुतली, खाली पांढरं कापड धरून. दुसऱ्या वेळी कापड स्वच्छ आलं. आता उजवी ४२.

ते साल एका बाटलीत घालून फळीवर ठेवलंय. काका, बाटलीची कल्पना तुमच्याकडूनच उचलली.

---

नॉझल_धुणारा

छान. चाचणी सपाट जमिनीवर घेतलीस ना? आता नाक चढाईच्या कोनात वर कर, शेपटीखाली नीट आधार दे, टाकीत अगदी थोडं इंधन ठेव आणि दोन्ही टाक्यांचे सेकंद पुन्हा मोज. ते आकडे इथे टाक.